नवी कोरी म्हणून दुसऱ्याच्या तोंडची नळी विकली

एकूण 6,538 रुपये गेले. लोकांचे लाखो जातात, तुझं काय एवढं, हे ऐकून झालंय. पैशांपेक्षा चीड वेगळीच आहे. कुणीतरी वापरून, न धुता परत केलेला हायड्रेशन पॅक (पाठीवरची सॅक, आत पाण्याची पिशवी आणि प्यायची नळी) मला 'सीलबंद, न वापरलेला' म्हणून विकला, आणि परत करायला गेले तर वापरलेला माल माथी मारणारी मीच ठरले. चोराच्या उलट्या बोंबा!

डोळे मिटून खरेदी केली, असं कुणी म्हणू नका. चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरायचं. वाटेत पाणी नसलेला सहा तासांचा ट्रेक असेल तर 3 लिटर लागतं, म्हणून मोठी ब्लॅडर, म्हणजे आतली पाण्याची पिशवी, निवडली. हात आत घालून घासता यावं म्हणून स्क्रूचं झाकण टाळलं आणि वरून पूर्ण उघडणारी, सरकपट्टीची घेतली. नळी सुटी होते की नाही ते पाहिलं. मानेच्या खालच्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठ मोजून सॅकचं माप ठरवलं. विक्रेत्याच्या पानावर हे सगळं होतं: टीपीयू (लवचिक प्लास्टिक), वासरहित, 3 लिटर. किंमत 4,799. आता यापेक्षा जास्त गिऱ्हाइकाने काय बघायचं?

बघायचं होतं ते पाकीट उघडल्यावर. आतलं वेष्टन चिकटवलेलं नव्हतं, नुसतं दुमडून सेलोटेप मारलेलं. आणि नळीत, व्हॉल्व्हपासून (तोंडात धरायच्या टोकापासून) चार बोटांवर, पाण्याचा एक थेंब होता. नळी वाकवली की तो इकडून तिकडे सरकायचा. मी तो चांगला दोन-तीनदा सरकवून पाहिला. कोऱ्या, सीलबंद वस्तूत पाणी आलं कुठून, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. पडलाही. पण कारखान्यात गळती तपासली असेल, असं वाटलं. कुणालाही तेच वाटलं असतं. ट्रेक तोंडावर आलेला, सोबतचे सगळे तयार. अशा वेळी माणूस थेंबाचे फोटो काढत बसतो का? बसायचं असतं, हे आता कळतंय. पाकीट फोडण्याआधी मोबाइलचा व्हिडिओ चालू करा आणि नळी, व्हॉल्व्ह, सरकपट्टी दाखवून होईपर्यंत बंद करू नका.

पाणी भरलं तर गोडसर, कुबट वास. व्हॉल्व्ह ओढून काढला आणि सिलिकॉन उलटं केलं, तर नळीवर बसतो त्या खाचेत काळ्या ठिपक्यांचं कडं आणि त्यावर गुलाबी बुळबुळीत थर. कुणीतरी यात साखरेचं सरबत किंवा एनर्जी ड्रिंक भरून तसंच ठेवलं असणार. बुरशीला आणखी काय हवं? (गोड काही प्यायचंच असेल तर वेगळी बाटली न्या. ब्लॅडरमध्ये फक्त पाणी.) मग संशयाने वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली तोलली. फरक 2 किलो 150 ग्रॅम, म्हणजे 2.15 लिटर. 3 लिटर फक्त छापलेलं.

विक्रेता फोनवर अगदी गोड. "मॅडम, ती फॅक्टरी डस्ट आहे. आमच्या किटने एकदा धुवा, नाही गेलं तर फुल रिफंड." किट 799 रुपयांचं. आत फसफसणाऱ्या गोळ्या. घटक वाचले तर सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा! नळी मीटरभर आणि ब्रश जेमतेम फूटभर. ठिपके गेले नाहीत, जाणारही नव्हते. सिलिकॉनमध्ये मुरलेले काळे डाग घासून निघत नाहीत, व्हॉल्व्ह फेकून नवा घ्यायचा असतो. तो सुटा मिळतो.

धुतल्याचं सांगितल्याबरोबर भाषा बदलली. "धुतला म्हणजे वापरला. तोंडाला लागणारी वस्तू आरोग्याच्या कारणास्तव परत घेत नाही." आरोग्याच्या कारणास्तव! सापळा नेमका हाच. आधी तुमच्याच हातून पुरावा धुऊन घ्यायचा, मग नियम दाखवायचा. तेव्हा काहीही दिसलं तरी धुऊ नका, आधी फोटो, आधी लेखी तक्रार. फोनवरचं आश्वासन हे आश्वासन नव्हे, मेसेजमध्ये लिहून घ्या. शेवटी पॅक तपासणीला पाठवायला सांगितला. वर "तपासणी शुल्क" 600, ते परत मिळणार होतं, आणि कुरियरचे 340 माझेच. उत्तर आलं: तपासणीत अपात्र. पॅकही परत आला नाही.

आता दाद मागायची कहाणी. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात, हा फ्रॉड नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "रक्कम किती?" आकडा ऐकून साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. हा ग्राहकाचा वाद, तिकडे जा. तिकडे गेले तर अर्जाच्या रकान्यात 'वस्तू सदोष' किंवा 'वस्तू मिळाली नाही' एवढेच पर्याय. माझी वस्तू सदोष होती आणि आता माझ्याकडे नव्हतीही. दोन्हीवर खूण केली तर अर्जच पुढे सरकेना. शेवटी फोनवर एक बाई म्हणाल्या, बुरशी होती हे प्रयोगशाळेकडून सिद्ध करा. अहो, पॅक त्याच्याकडे आहे! "मग कठीण आहे." नंतर मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुणी काढली, काय निकाल लावला, पत्ता नाही. वर समाधानाचे तारे द्या म्हणून लिंक.

स्वच्छतेचं म्हणाल तर महागड्या किटची गरजच नाही. बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच, लिटरला दोन-चार थेंब. अर्धा तास ठेवा, तेच पाणी नळीतून सोडा, मग वास जाईपर्यंत खळखळून धुवा. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. नुसता वासच असेल तर कोमट पाणी आणि खायचा सोडा पुरतो. नंतर नळी सुटी करून टांगा आणि ब्लॅडरच्या आत काहीतरी अडकवा, नाहीतर भिंती चिकटून ओल तशीच राहते. वाळवायला वेळ नसेल तर निथळून फ्रीझरमध्ये टाका.

त्या विक्रेत्याचं पान अजून चालू आहे, नाव तेवढं बदललंय. तोच पॅक, तेच फोटो, 'सीलबंद'. माझा तिथूनच पुन्हा कुणाकडे तरी जाणार, याची मला खात्री आहे. परत पाठवण्याआधी सरकपट्टीच्या आतल्या कडेला मी पर्मनंट मार्करने बारीक '2.15' लिहिलं होतं. तुमच्या नव्या कोऱ्या ब्लॅडरवर तो आकडा दिसला, तर धुऊ नका.