ग्रँट रोडची ‘चौसष्टची’ गिब्सन, बघून आलो

गुरुवारी हाफ डे टाकून ग्रँट रोडला एका जुन्या गिटारींच्या दुकानात गेलो होतो (नाव नाही टाकत, पुढे कळेलच का ते). फोनवर म्हणाले, गिब्सन ईएस-३३० आहे (इलेक्ट्रिक गिटारचं मॉडेल), चौसष्टची म्हणजे १९६४ ची, ओरिजिनल. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण काकांनी चहा पाजला आणि ट्यूब अ‍ॅम्पला लावून तासभर वाजवू दिली, कुठे करतात हल्ली असं.

आवाज एक नंबर. ३३० हे मॉडेल १९५९ मध्ये आलं, आधल्या वर्षी आलेल्या गिब्सनच्याच ईएस-३३५ सारखंच दिसतं पण ३३५ च्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा असतो, हिच्यात नसतो, पूर्ण पोकळ. त्यामुळे केबल न लावताही बऱ्यापैकी ऐकू येते, आमच्या वन-रूम-किचनमध्ये रात्री अकराला प्रॅक्टिस करायची तर सोन्याहून पिवळं. उलट गणपतीच्या स्टेजवर मॉनिटरसमोर उभं राहिलात की कोकलायला लागेल, ३३५ मधला तो ठोकळा हे टाळायलाच असतो ना. पी-९० पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबकं) आहेत, ट्यूबलाइटजवळ गेलं की घूं घूं करतात, तो त्यांचा स्वभावच आहे.

आता घोळ. साधा जी कॉर्ड धरला तर बोटं एकमेकांवर चढायला लागली. खिशात स्टीलची पट्टी असते माझ्या (हो, हसा), नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) मानेची रुंदी मोजली तर जेमतेम ४० मिमी. चौसष्टच्या गिब्सनला ४३ च्या आसपास भरायला हवं, ते १९६५ मध्ये अरुंद केलं. मग मान बॉडीला कुठे मिळते बघितलं, तर विसाव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघा). आधीच्या ३३० ना सोळाव्या-सतराव्या फ्रेटलाच बॉडी लागते, ही लांब मान १९६८ पासूनची. बरं, पिकअपवर धातूची कव्हरं आणि मानेवर चौकोनी ब्लॉकच्या खुणा बघून लोक फसतात, पण ते १९६२ नंतरच्या सगळ्यांवरच. एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या भोकातून) टॉर्च मारला, आतलं केशरी लेबल आहे पण नंबर इतका पुसट की उपयोग शून्य, मुंबईचे पावसाळे खाल्लेत तिने.

काकांना दाखवलं तर म्हणे, “अरे बाळा, चार वर्षांनी काय फरक पडतो?” आवाजात फारसा नाही, हे मान्य. पण किंमत चौसष्टची लावलेली ना, आणि बोटं माझी. तरी त्यांनी वाद न घालता वहीत ‘६४’ खोडून ‘६८ नंतर’ लिहिलं आणि भावही उतरवला, त्याचे मार्क द्यायलाच हवेत.

मी नाही घेतली. बारीक बोटं असतील आणि वरच्या फ्रेटवर सोलो वाजवत असाल तर ती लांब मान मस्तच आहे, बघून या. तारा गंजल्यात, नवा सेट घेऊन जा, काका बदलून देतात.