वाशिष्ठीकाठी सी: लिनक्स बोर्ड की मायक्रोकंट्रोलर?

वाशिष्ठीच्या पाण्याची पातळी दर मिनिटाला नोंदवणारे यंत्र बनवायचे ठरले, की ते कोणत्या बोर्डावर चालवायचे हा पहिला प्रश्न पडतो, आणि २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकराला तो किरकोळ वाटणार नाही. बोर्डाबरोबर सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिण्याची रीतही ठरत असल्याने दोन्ही पर्याय येथे त्याच अंगाने पाहिले आहेत.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमवर चालणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर प्रोग्रॅमला ‘होस्टेड’, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या आधाराचे, वातावरण मिळते. तेथे मेन हे फंक्शन सुरू करणारे आणि ते संपल्यावर त्याचे उत्तर घेणारे कोणीतरी असते. त्यामुळे मेनने इंट (पूर्णांक) परत करावा, काम फत्ते झाल्यास शून्य द्यावे आणि मॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनला ती न मिळाल्यास चूक नोंदवून बाहेर पडावे, या संकेतांना तेथे अर्थ आहे.

३२ किलोबाइट फ्लॅश आणि अवघी २ किलोबाइट रॅम असलेल्या एटमेगा ३२८पी या एव्हीआर कुळातील मायक्रोकंट्रोलरवर (एकाच चिपवरील छोट्या संगणकावर) मात्र खाली ऑपरेटिंग सिस्टमच नसते. अशा ‘फ्रीस्टँडिंग’ वातावरणात आरंभीच्या फंक्शनचे नाव आणि प्रकारसुद्धा सी भाषेचे मानक ठरवून देत नाही, आणि प्रिंटएफ (मजकूर छापणारे फंक्शन) किंवा मॅलॉक असेलच याची हमीही देत नाही. एव्हीआरच्या नेहमीच्या लायब्ररीत ही दोन्ही फंक्शने आहेत, परंतु मेन संपले तर तीच लायब्ररी इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणारे संकेत) बंद करून रिकाम्या लूपमध्ये फिरत राहते. म्हणजे ऐन पुरात यंत्र मुके होते. म्हणून इथे न संपणारा लूप हीच शिस्त, आणि इतक्या तुटपुंज्या रॅममध्ये हीप (मॅलॉक जेथून मेमरी देतो तो भाग) व स्टॅक (फंक्शनांच्या तात्पुरत्या चलांचा भाग) एकमेकांवर चढू नयेत यासाठी आधीच ठरवलेल्या मापाचे स्टॅटिक अ‍ॅरे बरे.

नदीपात्रातील खांबावर, बॅटरीवर चालणाऱ्या नोंदीसाठी मी मायक्रोकंट्रोलरच निवडेन, कारण पावसाळ्यात वीज अचानक गेल्यास लिनक्सच्या कार्डावरील फाइली बिघडण्याचा धोका असतो. छायाचित्रे पाठवायची असतील तर मात्र या दोहोंत लिनक्स बोर्डच सोयीचा.

पातळीचे गणित वेगळ्या फाइलीत ठेवून लॅपटॉपवर तपासणे सोयीचे आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. ‘सेकंद’ या इंट चलात ६० असताना त्याला १००० ने गुणले, तर लॅपटॉपच्या ३२ बिटी इंटमध्ये ६०००० बरोबर येतात. एव्हीआरच्या १६ बिटी इंटमध्ये ३२७६७ च्या पुढे जागाच नसल्याने बहुधा उणे ५५३६ हाती लागतात. गुणाकाराआधीच चलाचे रूपांतर यूइंट३२_टी या ३२ बिटी, बिनचिन्ही पूर्णांक प्रकारात करावे आणि हीच चाचणी प्रत्यक्ष बोर्डावरही चालवावी.