जिम थॉर्प, पेनसिल्वेनिया: ट्रेन झाली की लगेच परत फिरू नका, जेल बघा

न्यूजर्सीतली आपली बरीच मंडळी ऑक्टोबरात जिम थॉर्पला जातात, लिहाय गॉर्जची ट्रेन करतात, ब्रॉडवे या गावातल्या मुख्य रस्त्यावर चक्कर मारतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत. ट्रेन छानच आहे, नदीच्या कडेकडेने जाते, पोरं खूश होतात. पण या गावात एकच तिकीट काढणार असाल तर ते ओल्ड जेल म्युझियमचं काढा असं माझं स्पष्ट मत आहे.

१८७१ मधलं दगडी जेल, आणि पार १९९५ पर्यंत त्यात कैदी होते! आत कोठड्यांचे दोन मजले आणि मधल्या मोकळ्या जागेत फाशीचा सांगाडा, मूळचा नाही, नंतर उभा केलेला, तरी बघून पोटात गोळा येतो. २१ जून १८७७ ला इथे एकाच दिवशी चौघांना फाशी दिली, पुढच्या दीड-दोन वर्षांत आणखी तिघांना. सगळे आयरिश, आरोप काय तर मॉली मॅग्वायर्स या कोळसा खाणकामगारांच्या गुप्त टोळीतून खून केले. तपास पिंकर्टनच्या खासगी डिटेक्टिव्हचा, खटला चालवणाऱ्यांत कोळसा कंपनीचा वकील, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध कामगार उठले होते त्यांचाच हात सगळीकडे, आणि हे वाचत वाचत तुम्ही त्याच कोठड्यांसमोरून चालत असता. १७ नंबरच्या कोठडीत भिंतीवर हाताचा ठसा आहे, मी निर्दोष आहे असं सांगत एका कैद्याने तो उमटवला आणि कितीही पुसला तरी परत येतो अशी आख्यायिका. गर्दी तिथेच होते. मला मात्र तळघरातल्या अंधारकोठड्या जास्त लागल्या, तिथे दोन मिनिटं उभं राहवत नाही.

मग त्याच दिवशी एसा पॅकरचा वाडा बघाच, १८६१ चा. सुतारकाम शिकलेला माणूस, कालव्यावर बोटी चालवल्या, पुढे कोळसा वाहणारी लिहाय व्हॅली रेल्वे उभारली, १८६५ मध्ये लिहाय युनिव्हर्सिटी काढली. मुलीने वाडा सामानासकट गावाला दिला म्हणून फर्निचर, झुंबरं तशीच आहेत. कर्तृत्व मोठंच, पण जेल आधी बघून इथे आलात की कोळशाचा पैसा कुठे गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली ते एका दिवसात दिसतं, गाइडने वेगळं सांगायची गरज नाही.

गावाचं जुनं नाव मॉक चंक. कोळशाचा धंदा आटला, गाव बसलं, तेव्हा १९५४ मध्ये ऑलिंपिकवीर जिम थॉर्पच्या पत्नीशी करार करून त्याचं पार्थिव इथे आणलं आणि गावाला त्याचं नाव दिलं. मुलं पुढे कोर्टात गेली, वडिलांना ओक्लाहोमात त्यांच्या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांत पुरायचं होतं त्यांना, पण निकाल गावाच्या बाजूने लागला. मला ते पटलेलं नाही. समाधी गावाबाहेर रस्त्यालगत आहे, गाडी थांबवून जरूर बघा.

फॉलच्या वीकेंडला पार्किंग मिळता मिळत नाही, सकाळी लवकर पोचा. वाड्याला चढ आहे, आईबाबा सोबत असतील तर सावकाश. जेल हिवाळ्यात बंद असतं, वेळा बघूनच निघा.