काळा घोड्याजवळचं हॉटेल खरं होतं, फोन घेणारा खोटा

फेब्रुवारीत मुंबईत काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल असतो. त्या सुमारास फोर्टात राहायची सोय बघणाऱ्या बाहेरगावच्या माणसांनी हे वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमचे ३२,०९६ रुपये गेले, आणि फसवणाऱ्याची बोलण्याची रीत अशी होती की कुणाचाही विश्वास बसावा.

माझ्या नणंदेच्या चित्रांचं प्रदर्शन जहांगीर आर्ट गॅलरीत लागलं होतं. गॅलरी १९५२ पासूनची, आणि तिथली तारीख मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. घरात केवढा आनंद होता ते सांगायला नको. कोल्हापूरहून आम्ही सगळे जाणार होतो. सासूबाईंना दुपारी जरा आडवं व्हायला खोली हवी, म्हणून गॅलरीपासून चालत पोचता येईल असं एक छोटं बुटीक हॉटेल पसंत केलं. जुन्या इमारतीत मोजक्याच खोल्या, नक्षीच्या फरश्या, वेताच्या खुर्च्या, भिंतींवर चित्रं. हे हॉटेल आहे, चांगलं आहे, आणि या प्रकारात त्यांचा काही हात नाही.

खोटा होता तो नंबर. ऑनलाइन नकाशावर हॉटेलच्या नावाखाली जो मोबाइल नंबर दिसत होता, तो हॉटेलचा नव्हताच. नकाशावरच्या नोंदीत बदल कुणीही सुचवू शकतं, आणि असा बदल कधीकधी तसाच चढतो. त्यामुळे “हॉटेल खरंच आहे का” एवढं बघून भागत नाही. फोटो खरे, पत्ता खरा, लोकांचे चांगले अभिप्रायही खरे.

फोनवरचा माणूस घाईचा नव्हता, उद्धट नव्हता. “ताई, फेस्टिव्हलची गर्दी आहे, वरच्या मजल्यावरच्या दोनच खोल्या उरल्यात. आजी आहेत म्हणता, तर लिफ्टजवळची देतो.” खिडकीतून निळं सिनेगॉग दिसतं, असंही म्हणाला. ते १८८४ सालचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग त्या गल्लीत आहेच. परिसराची इतकी बारीक माहिती देणारा माणूस तिथलाच असणार, असं कुणालाही वाटेल. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर हॉटेलच्या बोधचिन्हाचं बिल पाठवलं: दोन खोल्या, दोन रात्री, एका खोलीला रात्रीचं ६,८०० रुपये भाडं, वर जीएसटी. निम्मे पैसे जानेवारीतच घेतले. सगळ्यांच्या आधार कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटोही मागून घेतले. क्यूआर कोडवर एका व्यक्तीचं नाव आलं तेव्हा मिस्टरांनी विचारलं, तर उत्तर तयार होतं: “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याचं काम चालू आहे.”

महालक्ष्मी एक्सप्रेसला निघायच्या संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. उरलेले १६,०४८ रुपये आत्ताच भरा, नाहीतर सिस्टिम बुकिंग रद्द करेल. भरले. पाच मिनिटांनी म्हणतो, “पैसे दिसत नाहीत, १६,०४९ पाठवा, म्हणजे सिस्टिम ओळखेल आणि आधीचे आपोआप परत येतील.” इथे मिस्टरांनी साफ नकार दिला, कारण पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज हातात होता. हा एक रुपया जास्तीचा डाव लक्षात ठेवा. तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा उकळायची ही त्यांची ठरलेली रीत आहे.

सकाळी बॅगा घेऊन हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या मुलीने बिल बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. “मॅडम, हा नंबर आमचा नाही. आधीही असे लोक आलेत.” तिने सासूबाईंना बसवलं, पाणी दिलं, वागली अगदी चांगली. पण आधीही लोक आले होते, तर हॉटेलने आपल्या वेबसाइटवर ठळक सूचना का लावली नव्हती? याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि तो राग अजून आहे.

त्या बिलावर सगळं उघड लिहिलेलं होतं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. या बिलावर ०९ होते. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि त्यातलं चौथं अक्षर खातेदाराचा प्रकार सांगतं: कंपनीला सी, व्यक्तीला पी. इथे पी होतं. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर लॉगिन न करता कुठलाही नंबर तपासता येतो. आम्ही टाकला तर नळाच्या सामानाचं दुकान निघालं. करही १८ टक्के लावलेला. रात्रीला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के लागतो.

हॉटेलच्या पायरीवरूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, रक्कम, तारीख, वेळ आणि आपली बँक एवढं ते विचारतात, म्हणून फोन लावायच्या आधी हे समोर ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण केली, चॅट आणि बिलाचे स्क्रीनशॉट जोडले. आदल्या संध्याकाळचे पैसे समोरच्या खात्यात होते, ते बँकेने गोठवले. जानेवारीतले केव्हाच पुढे गेले होते. गोठवलेलेही लगेच हातात येत नाहीत, आणि आमचा अर्ज अजून चालू आहे.

पैशांपेक्षा मला धास्ती आधारची आहे. आम्ही सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं, म्हणजे आधारवरचे बोटांचे ठसे कुणाला वापरता येत नाहीत. हॉटेलला द्यायला मास्क्ड आधार काढता येतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. पैसे मात्र हॉटेलच्या लँडलाइनवर बोलून, हॉटेलच्याच नावाच्या खात्यात भरा. तेही जमत नसेल तर तिथे पोचल्यावर द्या.

काळा घोड्याजवळच्या हॉटेलच्या नावाने “अकाउंटंटच्या खात्यात” पैसे भरून कुणी असंच परत फिरलं असेल, तर रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका, तक्रार कराच. एकाच खात्यावर जितक्या तक्रारी जमतील, तितकं त्या माणसापर्यंत पोचणं पोलिसांना सोपं जाईल.