झाड तोडायचे की राखायचे : एका वृक्षतपासणी सेवेचे परीक्षण

घराला लागून उभे असलेले जुने, डेरेदार झाड तोडावे की राखावे, हा प्रश्न घरातल्या घरात सुटत नाही. कारण बोलणाऱ्या प्रत्येकाचा त्या झाडावर जीव असतो किंवा राग असतो, आणि खोडाच्या आत काय चालले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. आमच्याकडे दोन तट पडले होते. एका बाजूला दुपारभर अंगणावर आणि अर्ध्या छपरावर राहणारी सावली होती, दुसऱ्या बाजूला बुंध्यापाशी उगवलेली अळंबी आणि वारा सुटला की वर पाहायची लागलेली सवय. शेवटी झाडांची तपासणी करून लेखी अहवाल देणाऱ्या एका खासगी सेवेला बोलावले. त्या सेवेबद्दल माझे मत असे, की प्रत्यक्ष तपासणी उत्तम झाली, अहवाल मध्यम होता, आणि त्यासोबत आलेला तोडणीचा प्रस्ताव जपून वाचण्याजोगा होता.

तपासणीला आलेल्या वृक्षतज्ज्ञांनी आधी झाडाकडे पाहिलेच नाही. झाडाखाली कोण बसते, किती वेळ बसते, गाडी कुठे उभी असते, कोणत्या खोलीवर फांद्या येतात आणि त्या खोलीत रात्री कोणी झोपते का, हे त्यांनी विचारून घेतले. सुरुवातीला हे विषयांतर वाटले, परंतु या कामाचा पायाच तो आहे. झाडाचा धोका म्हणजे केवळ झाडाची कमजोरी नव्हे. कोणता भाग मोडण्याची शक्यता किती, मोडला तर तो कोणावर किंवा कशावर पडण्याची शक्यता किती, आणि पडल्यास नुकसान किती, या तिन्हींचा मिळून तो ठरतो. आंतरराष्ट्रीय स्तरावर वृक्षतज्ज्ञांना शिकवली जाणारी पद्धतही हीच आहे. मोकळ्या माळावर असेच पोखरलेले झाड असते तर त्याला हात लावायची गरज पडली नसती. आमच्या बाबतीत तर पहिली सूचना झाडाविषयी नव्हतीच. सर्वांत जड फांदीखालचे बाक दुसरीकडे हलवावे आणि गाडी त्या बाजूला उभी करू नये, एवढीच ती होती, आणि तिला कुऱ्हाडही लागली नाही की खर्चही आला नाही.

त्यानंतर बुंध्याची पाहणी झाली, आणि सर्वाधिक वेळ तिथेच गेला. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला टेकतो तिथे बाहेरच्या बाजूला पसरट होतो आणि मोठ्या मुळ्यांचे उंचवटे दिसतात. खोड खांबासारखे सरळ मातीत शिरलेले दिसले, तर तो पसारा भरावाखाली गाडला गेला आहे असे समजावे. आमच्या अंगणात फरशी बसवताना एका बाजूने अशीच माती चढली होती. तज्ज्ञांनी लहान खुरप्याने ती हाताने बाजूला केली, तेव्हा खालची साल ओलसर, काळपट आणि बोटाने दाबली की सुटणारी निघाली. अळंबी नेमकी त्याच अंगाला होती : लाकडासारखी टणक, वरून तपकिरी, खालून पांढुरकी. ती अळंबी खरवडून काढली की रोग गेला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती बुरशीचे केवळ फळ असते आणि बुरशीचे खरे शरीर लाकडात पसरलेले असते. ती काढून टाकल्याने लाकडाला काही फायदा होत नाही, उलट पुढच्या तपासणीसाठीची खूण तेवढी नाहीशी होते.

आईने त्यांना विचारले, की यंदा पालवी नेहमीसारखीच दाट आली आहे, मग झाड आजारी कसे? त्यावरचे त्यांचे उत्तर मला फार आवडले. ते म्हणाले, “आई, झाड मरत नाहीये. पण जिवंत आहे म्हणजे मजबूत आहे, असं नसतं.” पाणी वर नेणारे लाकूड सालीलगतच्या बाहेरच्या थरांत असते, तर आतली नार, म्हणजे खोडाच्या मधले जुने लाकूड, प्रामुख्याने आधाराचे काम करते. नार पूर्ण कुजून ढोली पडली तरी बाहेरचे थर शाबूत असेपर्यंत पाने हिरवीगार राहू शकतात. त्यामुळे पानांवरून झाडाची तब्येत काही अंशी कळते, ताकद मात्र कळत नाही.

याच्याच जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. इजा झालेले लाकूड झाड दुरुस्त करत नाही, ते त्याला कोंडून टाकते आणि त्याभोवती नवे लाकूड घालत जाते. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात ही मांडणी चार भिंतींच्या रूपात केली. त्यांतली सर्वांत भक्कम भिंत इजा झाल्यानंतर घातलेल्या नव्या लाकडाच्या सीमेवर असते, म्हणूनच जुनी झाडे आतून पोकळ होऊनही बाहेरून दशकानुदशके उभी राहतात. ढोलीत सिमेंट भरण्याची आणि कापलेल्या जागेला रंग फासण्याची जुनी पद्धत आता चुकीची का मानली जाते, हेही यावरून ध्यानात येते. सिमेंट झाडाबरोबर डोलत नाही आणि आत ओल धरते, तर रंगाने कूज थांबत नाही.

उपकरणांचा भाग आला तेव्हा मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. आधी लाकडी हातोडीने खोडावर सर्व बाजूंनी ठोकून आवाज ऐकला गेला. मग खोडाभोवती ठरावीक अंतरावर खिळ्यांसारखे संवेदक लावून, एकेकावर ठोका मारून, ध्वनी दुसऱ्या बाजूला पोहोचायला लागणारा वेळ मोजला गेला. घट्ट लाकडातून ध्वनी वेगाने जातो, कुजलेल्या भागाला मात्र त्याला वळसा घालावा लागतो, आणि त्या वेळांवरून संगणक खोडाचा आडवा छेद रंगांत काढून देतो. हे चित्र पाहून घरातले सगळे हबकले, कारण मधोमध मोठा डाग होता. तज्ज्ञांनी तिथेच सांगितले, की या चित्रावर एकट्यावर विसंबायचे नाही, कारण एखादी साधी चीर असली तरी ध्वनी अडतो आणि चित्रात ती मोठ्या पोकळीसारखी दिसू शकते. म्हणून संशयाच्या तीन दिशांनी त्यांनी बारीक सुईचे वेधयंत्र चालवले. या सुईची दांडी सुमारे दीड मिलिमीटर आणि टोक तीन मिलिमीटर रुंद असते. आत जाताना लाकडाने केलेला विरोध कागदावर आलेखाच्या रूपाने उमटतो. रेषा काही अंतर उंच चालली आणि मग एकदम तळाशी आली, की तिथे घट्ट लाकूड संपले. हा आलेख आमच्यासमोर निघाला, आणि त्याच क्षणी घरातला वाद निम्मा ओसरला.

उरलेला निम्मा हिशेबाने ओसरला. नळीसारख्या गोल खोडाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद किती घटते, हे पोकळीच्या व्यासाच्या खोडाच्या व्यासाशी असलेल्या प्रमाणाचा चौथा घात करून काढता येते. पोकळी निम्म्या व्यासाची असेल तर ताकद फक्त सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते, आणि ७० टक्के व्यासाची असेल तर सुमारे २४ टक्क्यांनी. त्यानंतर मात्र घसरण झपाट्याने वाढते. ९० टक्क्यांना जवळजवळ दोन तृतीयांश ताकद गेलेली असते. जर्मनीतील क्लाउस मॅटेक यांनी सुचवलेला, घट्ट लाकडाची जाडी त्रिज्येच्या निदान ३० टक्के असावी, हा प्रसिद्ध ठोकताळा याच पट्ट्यात येतो. तज्ज्ञांनी त्याला लगेच पुरवणीही जोडली : हा हिशेब पोकळी मधोमध आणि सर्व बाजूंनी बंद असली तरच धरायचा. ढोलीला तोंड असेल, कूज एका कडेला सरकली असेल किंवा मुळ्यांत उतरली असेल, तर आकडे फसवे ठरतात. आमच्या झाडाचे खोड या हिशेबात उत्तीर्ण झाले. खरी चिंता भरावाच्या बाजूच्या दोन मुळ्यांची आणि वरच्या एका दुबेळक्याची होती.

हे दुबेळके जमिनीवरून कोणालाच खटकले नव्हते. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढल्या, की मध्ये साल अडकते आणि लाकूड लाकडाला जुळत नाही. बाहेरून मात्र तो जोड भरीव दिसतो. दुर्बिणीतून त्या जोडाखाली उभी काळी रेघ आणि दोन्ही अंगांना कानासारखे फुगवटे दिसले. वादळात फाटते ते असे ठिकाण. म्हणजे बुंध्याच्या अळंबीवर आम्ही भांडत होतो, आणि घराच्या छपराला अधिक जवळचा धोका वर होता. एवढ्या एका निदानासाठीही ही सेवा घेतल्याचे समाधान वाटावे, असे मी म्हणेन.

आता अहवालाकडे वळतो. तो ठरलेल्या मुदतीनंतर बराच उशिरा, दोनदा आठवण केल्यावर आला. छायाचित्रे चांगली होती, मोजमापे व्यवस्थित होती. परंतु निम्मी पाने कोणत्याही झाडाला चालतील अशा छापील मजकुराची होती, आणि प्रत्यक्षात तोंडी सांगितलेली कितीतरी बारीक माहिती त्यांत उतरली नव्हती. “धोका मध्यम” असे लिहिले होते, पण तो किती कालावधीसाठी, हे लिहिले नव्हते. मुदतीशिवाय धोक्याच्या पातळीला अर्थ नसतो, कारण पुरेसा काळ दिला तर प्रत्येक झाड पडणारच असते. विचारल्यावर पुढच्या तीन वर्षांसाठी, असे उत्तर लेखी मिळाले. ते न विचारता मिळायला हवे होते. दुसरी उणीव अशी, की झाड गेल्यास काय गमावले जाईल याचा अहवालात एका ओळीचाही उल्लेख नव्हता. सावली केवळ ऊन अडवत नाही. पानांतून बाष्पीभवन होत असल्याने आसपासची हवाही काहीशी थंड राहते, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचे दुपारचे ऊन अडले की घर आतून कमी तापते. निर्णय घेणाऱ्याला तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते दाखवायला हवे.

सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे अहवालाच्याच पाकिटात आलेला संपूर्ण तोडणीचा प्रस्ताव. अहवालात तीन पर्याय दिले होते : वरच्या डेऱ्याचा भार हलका करून दुबेळक्याला तारेचा आधार देणे, ती एक फांदी टप्प्याटप्प्याने उतरवणे, किंवा झाड काढणे. प्रस्ताव मात्र फक्त तिसऱ्याचा होता, तोही लवकर निर्णय घेतल्यास सवलतीसह. तपासणी करणारा आणि तोडणीतून कमावणारा एकच असेल तर सल्ला खोटा असतोच असे नाही, आणि आमच्या तज्ज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण ही रचनाच सदोष आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी तपासणी एकाकडून आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यावे.

आम्ही पहिला पर्याय निवडला, आणि छाटणी दुसऱ्या पथकाकडून करून घेतली. छाटणी म्हणजे शेंडे सपाट उडवणे नव्हे, हे कामापूर्वी लिहून घेणे आवश्यक आहे. शेंडे उडवले की खुंटांवर धुमाऱ्यांचे झुपके फुटतात, ते वरवर चिकटलेले असल्याने पुढे सहज मोडतात आणि खुंटातून कूज आत शिरते. लांब फांदी तिच्यावरच्या योग्य जाडीच्या उपफांदीपर्यंत मागे घेणे ही योग्य रीत, आणि काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर यायला हवा : कड्याला धक्का लागता कामा नये आणि खुंटही राहता कामा नये. एकाच हंगामात हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्साही काढू नये, जुन्या झाडाच्या बाबतीत तर त्याहून कमीच. उंची थोडीशी कमी केली तरी बुंध्यावर येणारा वाऱ्याचा ताण लक्षणीय घटतो, म्हणून एवढ्यावर भागते. भरावाची माती मात्र आम्ही स्वतः, मुळ्यांना इजा न करता, हळूहळू काढली.

ही सेवा घेताना सुईचे मूळ आलेख, ध्वनिचित्र आणि खोडावर कोणत्या उंचीवर व कोणत्या दिशेला मोजणी झाली याची नोंद हाती मागून घ्यावी. आम्हाला ती मागितल्यावरच मिळाली. एका तपासणीने कूज किती आहे ते कळते, ती वाढते आहे की थबकली आहे हे मात्र त्याच जागी पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही. पुढची मोजणी याच तज्ज्ञांकडून करून घेण्यास माझी हरकत नाही, फक्त तोडणीच्या प्रस्तावाचे पाकीट सोबत आणू नये, असे त्यांना आधीच कळवले आहे.