सिरॅमिकचा बोगदा: बाब्याला पसंत, मला एक खिडकी सोडून

मत्स्यालयाच्या टाकीतल्या शोभेच्या वस्तू बनवणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा माणसाच्या डोळ्यांकडे असतं. कवटी, पडका किल्ला, बुडालेलं जहाज. अ‍ॅक्सोलॉटलला त्यातलं काही नको असतं. पाण्यातच राहणाऱ्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या या उभयचर प्राण्याला पापण्या नाहीत, प्रखर उजेड सोसत नाही, दिवसा पडून राहायला अंधारा कोपरा मिळाला की झालं. आमचा बाब्या चांगला वीतभर लांब आहे, त्याच्यासाठी हा झिलईचा सिरॅमिक बोगदा घेतला. दोन्ही तोंडं उघडी, तळ सपाट, रंग मातकट. दिसायला अगदीच सुमार.

पण हात आत घालून बघा. कुठे शिवण नाही, कंगोरा नाही. अ‍ॅक्सोलॉटलची कातडी नाजूक, डोक्यामागे बाहेर आलेल्या कल्ल्यांचे तुरे तर त्याहून, आणि हा प्राणी दचकला की आंधळ्यासारखा मागे सुसाटतो. मी टाकीत जाणारी प्रत्येक वस्तू जुन्या नायलॉनच्या मोज्याने आतून-बाहेरून पुसते. धागा अडकला तर वस्तू बाद. बोगदा पास झाला, फक्त मागच्या काठावर झिलई नव्हती तिथे मोजा जरा ओढला गेला. पाण्याच्या पॉलिश पेपरने काठ घासला आणि स्वच्छ धुतला. आधी आणलेलं रेझिनचं खोड बाहेरून सुंदर होतं, पण आतून साच्याची धार तशीच राहिलेली आणि रंगाचे पोपडे सुटायला लागलेले. हा प्राणी तोंड उघडून पाण्यासकट समोरचं सगळं ओढून घेतो. गोटे असोत की पोपडे, जे तोंडात मावेल ते पोटात.

आता तक्रार. बनवणाऱ्याने हौसेने वरच्या बाजूला एक गोल खिडकी पाडली आहे, जेमतेम अडीच सेंटिमीटरची. कशाला? भोकाचा नियम सोपा आहे: एक तर अख्खा प्राणी आरपार जावा, नाही तर नाकसुद्धा शिरू नये. मधल्या मापाचं भोक घातक, कारण डोकं घुसतं आणि मागे येताना अडकतं. मातीची कुंडी आडवी ठेवणाऱ्यांनी तिच्या बुडाचं भोक याच कारणाने बुजवावं. मी खिडकी मत्स्यालयाच्या सिलिकॉनने भरली. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन यासाठी चालत नाही. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत बोगदा बाहेरच ठेवला.

वजन हा मोठा गुण. प्लंबरकडचा चार इंची पीव्हीसी पाइपही वाईट नाही, कापलेल्या कडा घासल्या तर उत्तम चालतो, पण तो लोळतो. हा हलत नाही. मात्र वाळूवर ठेवू नका. आधी बोगदा थेट काचेवर टेकवा, मग भोवती बारीक वाळू घाला, म्हणजे खालची वाळू सरकून तो कलंडणार नाही. दोन्ही तोंडं उघडी असल्याने आत पाणी साचून राहत नाही आणि घाण ओढून काढायची सायफनची नळी सरळ जाते. कारण बाब्याने राहायची आणि विधीची खोली एकच मानली आहे. धुताना साबण नको, टाकीतलंच पाणी पुरे.

पाणी तापलं असेल तर बोगद्याचा काही उपयोग नाही, हेही सांगून ठेवते. 16 ते 18 अंश सेल्सिअस ठेवा. आणि दोन प्राणी असतील तर एका बोगद्यावर भागवू नका, दोघांना आपापला हवा, वर एक जास्त असला तर बरंच. दाटी झाली की ते एकमेकांचे पाय चावतात. पाय परत उगवतात म्हणून चावू द्यायचे नसतात.

घेताना माप नीट विचारा. खोक्यावर लिहिलेला व्यास बाहेरचा असतो. आतला दहा सेंटिमीटरपेक्षा कमी निघाला तर पूर्ण वाढलेल्या प्राण्याला तुरे न घासता वळता येत नाही. लहान आकाराचा बोगदा म्हणूनच मी घेतला नाही.