आयकॉल (टाटा इन्स्टिट्यूट): मोटरखोलीतून केलेले पाच फोन

धाकटा भाऊ यंदा पुण्याला हॉस्टेलवर गेला. त्याला आयकॉल या फोनवरच्या समुपदेशन सेवेचा नंबर पाठवताना लक्षात आलं की 2020 साली ज्या सेवेने मला सावरलं तिच्याबद्दल मी कुठे दोन ओळीसुद्धा लिहिलेल्या नाहीत. हॉटेलातल्या पनीरवर परिच्छेद लिहिते, आणि यावर काही नाही. म्हणून हा उशिराचा रिव्ह्यू.

तेव्हा मी पुण्यात बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. मार्चमध्ये कॉलेज बंद झालं तशी एक सॅक घेऊन करमाळ्याच्या एसटीत बसले. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न, म्हणून जर्नलं रूमवरच ठेवली. आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकडचं. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. गावात मायक्रोबायोलॉजीवाली मी एकटीच, त्यामुळे भाजी मिठाच्या पाण्यात धुवायची की सोड्याच्या, हे विचारायला लोक ओट्यावर यायचे. वडिलांचं कलिंगड दोन रुपये किलोनेही कोणी उचलेना, शेवटी म्हशींपुढे टाकलं.

आणि परीक्षा. राज्य सरकार म्हणालं, शेवटच्या वर्षाची परीक्षा नको. 6 जुलैला यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणाली, सप्टेंबरअखेर घ्याच. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. वर्गाच्या ग्रुपवर रोज कोणीतरी नवी पीडीएफ टाकायचं, खाली दोनशे मेसेज, त्यातले निम्मे ‘कोविड बॅचला नोकरी कोण देणार’ या चालीचे. मी ग्रुप उघडणंच सोडलं. रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची, बोटांना मुंग्या. झाला कोरोना, असं वाटून दोनदा आरोग्य केंद्रात जाऊन ऑक्सिमीटरवर बोट ठेवून आले. 98. दोन्ही वेळा 98.

आधी आमच्या कॉलेजने जोडून दिलेलं समुपदेशनाचं एक अ‍ॅप वापरलं. नाव घेत नाही, पाच वर्षांत सुधारलंही असेल. त्याने पहिल्यांदा विचारलं, आज मूड कसा आहे, आणि पाच पिवळे चेहरे दाखवले. तीन सेशन फुकट, पण व्हिडिओवर आणि इंग्रजीत. आमच्याकडे व्हिडिओ म्हणजे समोरच्याचं तोंड उघडं राहून अडकलेलं. एकदा त्या अडकलेल्या तोंडाने मला सल्ला दिला की आवडत्या कॅफेत बसल्याची कल्पना कर. चौथ्या सेशनला नऊशे रुपये. म्हणजे आमची साडेचारशे किलो कलिंगडं, तीही कोणी घेतली असती तर. त्याच काळात कॉलेजने ताणतणावावर एक वेबिनारही घेतला. शेवटी गूगल फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट. माझ्याकडे ते अजून आहे. तणावमुक्त असल्याचा माझ्याजवळचा तेवढाच लेखी पुरावा.

आयकॉलचं नाव हॉस्टेलच्या मैत्रिणीकडून कळलं. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस 2012 पासून ही सेवा चालवते. फोनवर बोलणारे लोक मानसशास्त्र शिकलेले समुपदेशक असतात, पैसे घेत नाहीत, मराठीत बोलता येतं. अ‍ॅप नाही, लॉगिन नाही. साधा फोन लागतो, आणि आमच्या गावात साधा फोन लागतो हे महत्त्वाचं.

जुलैत पावसाची दोन दिवस उघडीप होती तेव्हा विहिरीवरच्या मोटरखोलीत जाऊन पहिला फोन लावला. खताच्या रिकाम्या पोत्यावर बसले होते. पलीकडून बाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल अशा जागी आहात ना?’ इथेच माझ्याकडून त्यांना निम्मे तारे मिळाले. सात माणसांच्या घरात ही जागा शोधायलाच मला आठवडा लागला होता, आणि तोवर कोणी त्याची चौकशी केली नव्हती. मग म्हणाल्या, बोलणं गुप्त राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर कोणाला तरी सांगावं लागेल. मग, ‘अगं-तुगं केलं तर चालेल?’ चालेल म्हटलं, आणि रडायला लागले ते थांबेचना. त्यांनी थांबवलंही नाही.

अर्ध्या तासाने थ्री फेज लाईट आली. मोटरला ऑटो लावलेला, म्हणजे लाईट आली की ती आपोआप सुरू होते. स्टार्टर खाडकन पडला आणि पाच एचपीची मोटर माझ्या कानाशी घोंगावायला लागली. बाई घाबरल्या, ‘काय झालं? कोण आहे तिथे?’ मी ओरडून सांगितलं, ‘मॅडम, उसाला पाणी सुटलं!’ त्या हसल्या, मग मीही. मला वाटतं, मार्चनंतर पहिल्यांदा.

असे पाच फोन झाले. जादू काही नव्हती. उठायची वेळ एकच ठेव. ग्रुप दिवसातून एकदाच, जेवणानंतर उघड. धडधड सुरू झाली की आजूबाजूच्या पाच गोष्टी बघून त्यांची नावं घे, चार गोष्टींना हात लाव, तीन आवाज ऐक. मोटरखोलीत आवाज एकच असतो, पण चालून जातं. छातीचं आणि मुंग्यांचं त्यांनी नीट समजावलं, की घाबरल्यावर श्वास भराभर होतो आणि त्यानेही बोटं मुंगावतात. मायक्रोबायोलॉजी शिकून मला हे माहीत नव्हतं.

खरा घोळ वेगळाच झाला. मुलगी रोज फोन घेऊन विहिरीवर जाते म्हटल्यावर चुलत्यांनी जो काढायचा तो अर्थ काढला. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे लग्नं धडाधड लागत होती, कारण परवानगीच पन्नास माणसांची. मांडव नाही, बँड नाही, गावजेवण नाही. ‘पोरीचं पन्नास माणसांत उरकून टाकू’ हे वाक्य मी दाराआडून ऐकलं. म्हणजे ज्या फोनने मी बरी होत होते त्याच फोनपायी माझं लग्न ठरायची वेळ आली. तिसरा फोन पूर्ण याच्यावरच गेला. आईला काय सांगायचं ते बाईंनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं, भाषणाच्या तयारीसारखं.

चुलीपुढे आईला सांगितलं, ‘मला झोप येत नाही, म्हणून मी टाटाच्या बाईंशी बोलते.’ आईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडीच पडली. आमच्याकडे टाटा म्हणजे परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल. ‘कुठं गाठ लागली गं तुला?’ म्हणून तिने माझी मान, काख सगळं चाचपलं. गाठ नाही, फक्त झोप नाही, हे पटल्यावर तिला इतकं हायसं वाटलं की निकाल लागेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही, हे तिने स्वतःच वडिलांकडून कबूल करून घेतलं. हे काही बाईंनी शिकवलं नव्हतं.

28 ऑगस्टला कोर्टाचा निकाल आला: परीक्षेशिवाय पदवी नाही. ऑक्टोबरात मोबाइलवर एमसीक्यू, म्हणजे पर्यायी उत्तरांचे पेपर, दिले, मोटरखोलीतूनच, ऑटो बंद करून.

उणं काय, तर ही सेवा चोवीस तास नाही आणि रविवारी बंद असते. वेळा साइटवर बघून मगच लावा. माझं दुखणं रात्री तीनचं होतं आणि तीनला तिथे कोणी नसतं. त्यासाठी आता सरकारची टेलि-मानस आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून, दिवसरात्र. माझ्या वेळी ती नव्हती. दुसरं, या फोनवर गोळ्या लिहून मिळत नाहीत. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याने डॉक्टरकडेच जावं, मलाही त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. घरात बोलायला अजिबातच जागा नसेल तर ईमेलची सोय आहे. भावाला मी ती आवर्जून सांगितली, त्याच्या खोलीत चौघं राहतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा रविवारचा कापला. आणि मोटरखोलीतून बोलणार असाल तर आधी ऑटो बंद करा.